हवाईच्या हारात कोणाकोणाची फुलं?

होनोलुलूला उतरल्यावर पर्यटन कंपनीचा माणूस आपल्या गळ्यात जो जांभळ्या-पांढऱ्या ऑर्किडचा हार घालतो, त्यातली फुलं बहुतेक वेळा थायलंडची असतात. तिथल्या शेतांत खुडलेली, खोक्यांत भरून विमानानं आलेली. हवाईची म्हणून आपण जी बाकीची फुलं ओळखतो, त्यांचीही कथा फार वेगळी नाही. पांढरा चाफा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. अँथुरियम कोलंबियाच्या बाजूचं, ते १८८९ मध्ये लंडनमार्गे हवाईत आलं. बर्ड ऑफ पॅराडाइज दक्षिण आफ्रिकेचं. रंगीबेरंगी शर्टांवर छापलेली भलीमोठी लाल जास्वंद चिनी जास्वंदीच्या गोतातली. आणि मोगरा, सोनटक्का, रुई ही तर आपल्याच बाजूची मंडळी.

मग हवाईचं स्वतःचं काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे, फक्त ते पोस्टकार्डावर दिसत नाही. या बेटांवर माणसाच्या मदतीशिवाय पोचलेल्या फुलझाडांपैकी सुमारे ९० टक्के जाती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. तरीही बाहेरून आलेल्या फुलांना ‘नकली हवाईयन’ म्हणून मोकळं होता येत नाही. राण्या-राजकन्यांनी ती माळली, पोरीबाळींच्या लग्नात ती मिरवली, तुरुंगात असलेल्या राणीपर्यंत ती पोचली. कोणतं फूल हवाईचं, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच जरा गुंत्याचं आहे.

फक्त तीन ऑर्किड

जगात ऑर्किडच्या २५ हजारांहून अधिक जाती आहेत. एकट्या महाराष्ट्रात शंभराहून जास्त. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीतल्या झाडांवरून लोंबणारी सीतेची वेणी त्यातलीच. उबदार हवा, धो धो पाऊस, धुक्यातले डोंगर असं सगळं असलेल्या हवाईत खरं तर ऑर्किडची चंगळ असायला हवी होती. पण मूळच्या जाती मोजून तीन.

याचं कारण समजून घ्यायला नकाशा पाहावा लागतो. हवाई बेटं समुद्राच्या तळातून ज्वालामुखीनं वर आलेली आहेत. ती कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. सर्वांत जवळचा खंड उत्तर अमेरिकेचा, तोही सुमारे ३,८०० किलोमीटर दूर. त्यामुळे तिथं जे काही उगवलं ते वाऱ्यावरून, लाटांवरून किंवा पक्ष्यांच्या पोटातून आणि पिसांतून आलं. माणसं यायच्या आधीच्या लाखो वर्षांत हे असंच, अपघातानं घडत राहिलं.

आता ऑर्किडचं बी म्हणजे निव्वळ धूळ. एका शेंगेत हजारो, काही जातींत तर लाखो बिया असतात. वाऱ्यावरून लांब जायला याहून हलकं काही नाही. तेव्हा बिया हवाईपर्यंत पोचल्याच नसतील असं मानायचं कारण नाही. खरी अडचण उतरल्यानंतरची. हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाला पुरेल इतकी शिदोरी आत भरलेली असते, ती आपण डाळ म्हणून खातो. ऑर्किडच्या बीजात अशी शिदोरीच नसते. त्याला रुजायला एक विशिष्ट बुरशी लागते. ती बुरशी बीजात शिरते, अन्न पुरवते, आणि मग कुठे कोंब धरतो. नवख्या बेटावर ती नेमकी बुरशी नसेल तर बी तसंच मरून जातं.

समजा बुरशीही भेटली, रोप वाढलं, काही वर्षांनी फुललं. मग परागीभवनाला किडा हवा. कितीतरी ऑर्किड एखाद्याच जातीच्या माशीवर किंवा पतंगावर विसंबून असतात. हवाईत मूळच्या मधमाश्या नव्हत्या, भुंगे नव्हते, साध्या मुंग्यासुद्धा नव्हत्या. पिवळ्या तोंडाच्या बारीक एकलकोंड्या माश्यांचा एकच गट काय तो तिथं पोचलेला. बी, बुरशी आणि किडा या तिघांची गाठ एकाच जागी पडायची म्हणजे अवघडच. तीन जातींना ते जमलं.

आणि त्या तिन्ही दिसायला अगदी साध्या. ओलसर जंगलातल्या पालापाचोळ्यात किंवा शेवाळलेल्या खोडावर वाढणाऱ्या, हिरवट-पिवळसर बारीक फुलांच्या. पाहायला गेलेला माणूसही शेजारून निघून जाईल. त्यातली पेरिस्टायलस होलोचायला ही जात इतकी विरळ झाली आहे की जंगलात तिची काही डझनच रोपं उरली आहेत. १९९६ मध्ये अमेरिकी सरकारनं तिला संकटग्रस्त जाहीर केलं. तिच्या बिया प्रयोगशाळेत रुजवतानासुद्धा तिला मानवणारी बुरशी शोधून सोबत द्यावी लागली.

गंमत म्हणजे ‘ऑर्किड बेट’ ही पदवी मिरवणारं बेट हवाईतच आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.

ऑर्किडच्या आधीचे हार

हार घालण्याची रीत प्रशांत महासागरातल्या दुसऱ्या बेटांवरून आलेल्या पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आपल्या होड्यांतून आणली. हवाईत हाराला लेई म्हणतात. लेई फुलांचीच असते असं नाही. पानं, बिया, शिंपले, पिसं, अगदी माणसाचे केससुद्धा तिच्यात येतात. सरदार-राजघराण्यातली मंडळी केसांच्या बारीक वेण्यांच्या जुडग्यात व्हेलचा कोरीव दात अडकवून गळ्यात घालत. पक्ष्यांच्या पिसांची लेई हाही मान त्यांचाच.

लेई करायच्या पद्धतीही वेगवेगळ्या. सुईनं ओवणं हा त्यातला सर्वांना माहीत असलेला प्रकार. शिवाय पानांच्या वेणीत फुलं गुंफत जाणं, एखाद्या धाग्याभोवती फुलापानांचे गुच्छ गुंडाळत जाणं, देठांना एकमेकांत गाठी मारणं असे प्रकार आहेत. डोक्यावर घालायच्या भरगच्च लेईला वेणीचा किंवा गुंडाळण्याचा प्रकार वापरतात. एवढी विविधता आली, कारण प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा. सगळंच सुईला दाद देत नाही.

इलिमाचंच बघा. आपल्या रानात, रस्त्याकडेला उगवणाऱ्या चिकण्याची ही सख्खी नातेवाईक, दोघींची प्रजात एकच. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, केशरी-पिवळं, पाकळ्या टिश्यू कागदाहून पातळ. ते एकच दिवस टिकतं. म्हणून कळ्या सकाळी लवकर खुडायच्या, उमलल्या की मधोमध सुई घालून एकावर एक चपट्या चकत्यांसारखी फुलं बसवत जायची. लेई तयार होते ती मखमली दोरासारखी दिसते, त्यात एकेक फूल वेगळं ओळखूही येत नाही. एका पदराला ५०० ते १,००० फुलं लागतात. एवढं करून संध्याकाळनंतर ती कोमेजणारच. इलिमा राजघराण्याचं फूल समजलं जायचं, ते का, हे ती ओवायला बसलेल्या बाईला सांगावं लागत नसेल.

माइलेचा प्रकार आणखी निराळा. ही जंगलातली वेल. तिला दिखाऊ फूल नाही, पण पानांना आणि सालीला व्हॅनिलाच्या जवळ जाणारा गोड वास असतो. वेल दातानं किंवा हातानं चिरून आतला कडक गाभा ओढून काढतात आणि उरलेली मऊ साल पानांसकट पिळून लांब माळ करतात. तिची टोकं जोडत नाहीत, ती दोन्ही बाजूंनी मोकळी लोंबतात. पदवीदान, लग्नातला नवरदेव, देवळातले आणि चर्चमधले विधी, नव्या दुकानाचं उद्घाटन, सगळीकडे माइले लागते. उद्घाटनाला तिकडे फीत कात्रीनं कापण्याऐवजी दाराशी बांधलेली माइलेची गाठ सोडतात. लेई कापणं बरं मानत नाहीत.

या सगळ्यात मोठा मान लेहुआचा. ओहिया नावाच्या झाडाचं हे फूल, म्हणजे तांबड्या केसरांचा झुपका. लाव्हा थंड होऊन काळा खडक झाला की त्याच्या भेगेत सर्वांत आधी रुजणाऱ्या झाडांत ओहिया असतं. दलदलीत ते वीतभर झुडूप राहतं आणि चांगल्या जमिनीत तीस मीटरपर्यंत उंच जातं. लाव्हावर पहिलं फूल त्याचं, म्हणून त्याचं नातं ज्वालामुखीची देवी पेले हिच्याशी लावलेलं. गोष्ट अशी सांगतात: ओहिया नावाचा देखणा तरुण पेलेच्या मनात भरला. त्यानं मात्र लेहुआ नावाच्या मुलीसाठी पेलेला नकार दिला. पेलेनं संतापून त्याचं वेडंवाकडं झाड करून टाकलं. बाकीच्या देवांना मुलीची दया आली, त्यांनी तिला त्याच झाडाचं फूल केलं. म्हणून लेहुआ तोडली की पाऊस येतो, ताटातुटीची आसवं म्हणून. जंगलात शिरताना लेहुआ खुडायची नाही, परतताना खुडायची, असा दंडकच आहे. डोंगरात धुकं नि पाऊस मिनिटात दाटतो, तेव्हा हा दंडक पाळलेला बरा.

लेहुआ आणि माइले लाका या देवतेच्याही लाडक्या. लाका ही हूला नृत्याची देवता. हूलाच्या पारंपरिक शाळेत तिच्यासाठी एक वेदी मांडत. त्यावर लामा नावाच्या लाकडाचा ठोकळा पिवळ्या सालकापडात गुंडाळून ठेवत, आणि माइले, लेहुआ, इएइए, हालापेपे, पालापालाई नावाचं नेचं अशा जंगलातल्या वनस्पतींनी ती वेदी सजवत. हे सगळं आणायला जाताना जंगलाची परवानगी मागणारं स्तवन म्हणायचं. आजही कित्येक शाळा ते म्हणतात. नर्तकीच्या डोक्यावरची, गळ्यातली, मनगटातली आणि घोट्यातली लेई हा म्हणून नुसता शृंगार नाही. ज्या वनस्पतीत देवता आहे ती अंगावर घेऊन नाचायचं असतं.

१९२३ मध्ये तिथल्या विधिमंडळानं प्रत्येक बेटाला एकेक फूल बहाल केलं. यादी वाचली की मजा वाटते, कारण ती फुलांची म्हणून केलेली असली तरी तिच्यात वाट्टेल ते आहे. सर्वांत मोठ्या, हवाई याच नावाच्या बेटाला लेहुआ, ओआहूला इलिमा, मोलोकाईला कुकुई नावाच्या झाडाचा मोहोर, हे ठीक. काउआईला मोकिहाना मिळाली, ती फूल नसून बडीशेपेच्या वासाचं हिरवं फळ आहे. नीहाउला बारीक शिंपले, कारण त्या कोरड्या बेटावरच्या बायका शिंपल्यांचीच अप्रतिम लेई करतात. लानाईला चक्क अमरवेल. आणि माउईला लोकेलानी, म्हणजे बाहेरून आलेला गुलाब. अधिकृत यादीतसुद्धा पाहुण्याला जागा मिळाली ती इतक्या लवकर. राज्याचं फूल मात्र आता नक्की देशी आहे. नुसती जास्वंद असं आधी मोघम ठरलेलं होतं. १९८८ मध्ये पिवळ्या मूळनिवासी जास्वंदीचं, माओ हाउ हेलेचं, नाव कायद्यात लिहिलं. ही जास्वंद जंगलात इतकी कमी उरली आहे की तीसुद्धा संकटग्रस्तांच्या यादीत आहे. हवाईच्या काही मूळच्या पांढऱ्या जास्वंदींना सुवास असतो, हे ऐकून आपल्याकडच्या माळ्याला नवल वाटेल.

डॉक्टरसाहेबांची बाग

ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकची जहाजं १७७८ मध्ये आली आणि पुढच्या शंभर वर्षांत हवाईत जगभरची झाडं येऊन पडली. कोणी मुद्दाम आणली, कोणी सामानासोबत. यातला मोठा वाटा विल्हेल्म हिलेब्रांड या जर्मन डॉक्टरचा. १८५१ ते १८७१ अशी वीस वर्षं तो होनोलुलूत होता, राजघराण्याचा वैद्य होता, आणि झाडांचं त्याला वेड होतं. त्याच्या घरच्या बागेचंच आज फॉस्टर बोटॅनिकल गार्डन झालं आहे. हवाईत पहिला चाफा १८६० मध्ये आणला तो यानंच.

चाफ्याला लोकांनी लगेच जवळ केलं नाही. तो दफनभूमीत लावत, म्हणून बराच काळ त्याच्याकडे मयताचं फूल म्हणून पाहिलं गेलं. पुढे प्रवासी जहाजं यायला लागली. बंदरावर शेकड्यानं उतारू उतरायचे, त्यांच्या गळ्यात घालायला रोज ढिगानं लेई लागायच्या, आणि त्या विकणाऱ्या बायकांना हे फूल सोयीचं पडलं. परसात एक झाड असलं की फुलं फुकट, दांडी जाड असल्यानं सुई सहज जाते, एका लेईला फुलं थोडी पुरतात, आणि वास असा की जहाजाच्या कठड्यापर्यंत पोचावा. स्मशानातलं फूल पाहता पाहता स्वागताचं झालं. उजव्या कानामागे खोवलं तर मुलगी मोकळी, डाव्या कानामागे खोवलं तर तिचं जमलेलं, हा संकेत पर्यटकांना फार आवडतो, पण तो पुराणकाळचा वगैरे नाही.

हिलेब्रांडनं आणखीही काही आणलं, ते सांगितलं नाही तर त्याची बाजू अर्धीच राहील. १८५८ मध्ये त्यानं शोभेचं म्हणून घाणेरीचं झाड आणलं. १८६५ मध्ये पिकांवरच्या अळ्या खायला भारतातून साळुंक्या आणल्या. साळुंक्यांनी अळ्या किती खाल्ल्या कोण जाणे, घाणेरीची फळं मात्र आवडीनं खाल्ली आणि तिच्या बिया बेटभर पेरल्या. आज दोघीही हवाईत मनसोक्त नांदतात. मराठी माणसाला होनोलुलूच्या फुटपाथवर साळुंकी दिसली की घरच्यासारखं वाटतं, त्यामागे ही उचापत आहे.

मोगऱ्याची गोष्ट राजकन्या काइउलानीची. तिचा जन्म १८७५ चा, सिंहासनाची ती वारस. वाइकिकीला आयनाहाउ नावाच्या वाडीत ती वाढली. वडील स्कॉटिश, बागेचे शौकीन. वाडीत मोर होते आणि मोगरा होता, आणि दोन्हींवर तिचा जीव. लोकांनी मोगऱ्यालाच मोरावरून ‘पिकाके’ म्हणायला सुरुवात केली, ते नाव कायमचं चिकटलं. राज्य तिला मिळालं नाही. १८९३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांच्या गटानं राजेशाही उलथवली, १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली, आणि पुढच्याच वर्षी ती वारली, वय २३. पिकाके आज नवरीचं फूल आहे. मोगऱ्याचा गजरा आपण दोऱ्याच्या गाठीत कळ्या बसवत बांधतो. तिकडे मिटलेली कळी लांबलचक सुईवर उभी ओवतात, देठाकडून टोकाकडे. मोत्यांच्या सरासारखे बारीक पदर होतात, आणि मान जितका मोठा तितके पदर जास्त. संध्याकाळी कळ्या उमलल्या की सर दुप्पट जाड दिसतो.

राणी लिलिउओकलानी ही काइउलानीची मावशी, म्हणजे आईची बहीण. तिचं आवडतं फूल होतं रुईचं. आपल्याकडे रुई पडीक जागेत आपोआप उगवते, शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडते, बाकी कोणी तिला बागेत लावत नाही. हवाईत ती मुद्दाम लावतात. फिकट जांभळ्या फुलाच्या मधोमध जो मुकुटासारखा टणक भाग असतो, त्यामुळे ती तिथं राजमुकुटाचं फूल झाली. काही जणी अख्खं फूल ओवतात, काही जणी पाकळ्या काढून नुसते मुकुट ओवतात. ती लेई हस्तिदंती मण्यांच्या माळेसारखी दिसते. चीक डोळ्यात गेला तर आग होते, त्यामुळे खुडणाऱ्या बायका जपून असतात. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या पानांचा फडशा पाडतात, ती कटकट वेगळी.

राजेशाही उलथल्यावर १८९४ मध्ये राणीच्या समर्थकांनी पाउओआ भागात उलुहाइमालामा नावाची बाग लावली. सभा घेता येत नव्हती, बाग लावायला कोण अडवणार? पुढच्या वर्षी राणीला तिच्याच इओलानी राजवाड्यातल्या एका खोलीत कैदेत ठेवलं. बाहेरची बातमी तिला कळू द्यायची नव्हती. पण तिच्या बागेतली फुलं तिला पाठवायला हरकत नव्हती. ती फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून यायची. राणी फुलं पाण्यात ठेवायची आणि कागद उलगडून वाचायची. या फुलांवर तिनं कैदेतच एक गाणं रचलं, ते हवाईत अजून गातात. राणीच्या मायेची ही फुलं देशी किती आणि परदेशी किती, हा हिशोब तेव्हा कोणी मांडला नसणार.

ऑर्किड येतात, राहतात, विकले जातात

सोनटक्का, निशिगंध, कण्हेर अशी कितीतरी फुलं एव्हाना लेईत रुळली होती. ऑर्किड या रांगेत अगदी शेवटी आला, आणि तो आला विज्ञानाच्या पाठीवर बसून.

बुरशीशिवाय ऑर्किडचं बी रुजत नाही, हा जो पेच वर सांगितला, तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लुइस नडसन यानं १९२२ मध्ये सोडवला. बुरशी शेवटी काय देते, तर साखर आणि क्षार. मग तेच अगारच्या, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीच्या, थरात मिसळून बाटलीत दिलं तर? बिया रुजल्या. तोवर ऑर्किड हा श्रीमंत शौकिनांचा छंद होता. आता एका शेंगेतून हजारो रोपं निघू लागली, तीही परसातल्या खोपटात.

हवाईच्या बेटांत सर्वांत मोठ्या बेटावरचं हिलो गाव यासाठी जणू नेमून दिलेलं होतं. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, थंडी नाही, आणि ज्वालामुखीची काळी खडी हवी तेवढी. ऑर्किडला माती नको असते, मुळाशी पाणी साचलं की ती कुजतात. ही सच्छिद्र खडी पाणी धरून ठेवत नाही आणि ओलही सोडत नाही. उसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या जपानी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांनी इथं रोपवाटिका उभ्या केल्या. हवाई विद्यापीठात हारुयुकी कामेमोतो या प्राध्यापकानं कित्येक दशकं डेंड्रोबियम ऑर्किड आणि अँथुरियमच्या संकरांवर काम केलं आणि शेतकऱ्यांना सारख्या दर्जाची, भरपूर फुलणारी वाणं दिली. बेटाला ‘ऑर्किड बेट’ म्हणायला लागले ते या मेहनतीमुळे, रानातल्या त्या हिरवट फुलांमुळे नव्हे.

त्याआधी एका ऑर्किडनं बाजार गाजवला होता. सिंगापूरमध्ये अॅग्नेस जोआकिम या आर्मेनियन बाईच्या बागेतला व्हँडा नावाच्या ऑर्किडचा संकर १८९३ मध्ये जगापुढे आला. व्हँडा मिस जोआकिम हे त्याचं नाव, पुढे १९८१ मध्ये तो सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झाला. पेन्सिलीसारखी पानं, उघड्या उन्हात शेतात लावता येतो, वर्षभर फुलतो. हवाईत तो १९३०च्या सुमारास आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे मळेच्या मळे उभे राहिले. विमानं नुकती नियमित उडायला लागली होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर दुकानांच्या उद्घाटनाला, जाहिरातींना, बायकांच्या कोटावर लावायला ही फुलं टनावारी जाऊ लागली. हवाई म्हणजे ऑर्किड, हे समीकरण अमेरिकी माणसाच्या डोक्यात बसलं ते इथं.

पुढचं अर्थशास्त्र सरळ आहे. थायलंडमध्ये मजुरी स्वस्त, जमीन स्वस्त, आणि डेंड्रोबियमची शेती प्रचंड. तोडलेल्या ऑर्किडच्या निर्यातीत तो देश जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. ऑर्किड गारव्यात ठेवला की दिवसच्या दिवस ताजा राहतो, विमानप्रवास सोसतो, आणि एका लेईला चाळीस-पन्नास फुलं पुरतात. म्हणजे इलिमाच्या अगदी उलट. हजारो पर्यटकांचं एका दिवसात स्वागत करायचं असेल तर इलिमानं ते होणार नाही. स्वागताची लेई थायलंडची झाली यात कोणाचं पाप शोधत बसण्यात अर्थ नाही. स्थानिक शेतकऱ्याला मात्र त्या किमतीत टिकणं कठीण, म्हणून हवाईतले बरेच उत्पादक आता हारासाठी सुटी फुलं विकण्यापेक्षा कुंडीतली रोपं आणि नवे संकर विकतात.

लाव्हाच्या पठारातून जाणाऱ्या रस्त्याकडेला उंच गवतासारख्या दांड्यांवर जांभळट ऑर्किड डोलताना दिसतात, ते पाहून ‘अखेर जंगली हवाईयन ऑर्किड सापडला’ असं वाटतं. तो बांबू ऑर्किड. भारतापासून आग्नेय आशियापर्यंतचा रहिवासी, बागेतून निसटून रानात गेलेला.

पाहुण्यांचं बिल

एवढं सगळं गोड असतं तर प्रश्नच नव्हता. सोनटक्क्याची हिमालयातली एक बहीण आहे, कहिली जिंजर. पिवळ्या-लाल फुलांचा तुरा असा देखणा की राजाच्या पिसांच्या ध्वजदंडाचं नाव तिला मिळालं. तिचे कंद जमिनीखाली इतकी घट्ट चटई विणतात की ओहियाचं रोप वर येऊच शकत नाही. ज्वालामुखीजवळच्या राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवक वर्षानुवर्षं हे कंद खणून काढत आहेत, आणि ते पुन्हा उगवत आहेत.

ओहियावर तर त्याहून मोठं संकट आलं. धडधाकट झाडाची पानं काही दिवसांत ते काही आठवड्यांत तपकिरी पडून झाड उभ्याउभ्या वाळू लागलं. २०१४ मध्ये कारण सापडलं: सेराटोसिस्टिस नावाची बुरशी, जी खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. पुढे कळलं की या बुरशीच्या दोन जाती आहेत, आणि २०१८ मध्ये त्यांना नावं दिली गेली. तिला आत शिरायला झाडावर एखादी जखम पुरते, आणि ती कोयत्यावरून, बुटाच्या चिखलातून, भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या भुशातून पसरते. झाड गेलं की लेहुआचा मध पिणारे आपापाने आणि ईईवीसारखे पक्षीही उपाशी.

हिलोला दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात मेरी मोनार्क महोत्सव भरतो. मिशनऱ्यांच्या दडपणामुळे आडोशाला गेलेला हूला पुन्हा उघडपणे नाचवणाऱ्या कालाकाउआ राजाच्या नावाचा, हूलाचा सर्वांत मोठा मेळा. तिथं नाचायचं तर डोक्यावर लेहुआ हवीच, असं पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. २०१६ मध्ये नृत्यशाळांना विनंती केली गेली की या वर्षी ओहिया तोडू नका, फुलं आणि फांद्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेऊ नका. बऱ्याच शाळांनी ते मानलं आणि दुसरी फुलंपानं बांधली. काहींनी वापरलेली लेहुआ नंतर गोळा करून ती जिथून आणली तिथंच परत पोचवायची सोय केली. देवतेची फुलं देवतेसाठीच तोडायची नाहीत, हा निर्णय हूलाच्या गुरूंना सोपा गेला नसणार.

तिकडे जाणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. कोणी लेई घातली तर नको म्हणू नये, आणि देणाऱ्यासमोर काढू नये. खांद्यांवर अशी ठेवायची की अर्धी पुढे, अर्धी पाठीवर. बाई गरोदर असेल तर बंद गोल लेई देत नाहीत, माइलेसारखी मोकळ्या टोकांची चालते. नंतर ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. दोरा काढून फुलं झाडाखाली मातीत सोडावीत. समुद्रात सोडणार असाल तर दोरा आधी काढाच, कासवं आणि सील त्यात अडकतात. जंगलवाटेच्या तोंडाशी बुटांचे तळवे घासायला ब्रश आणि फवारायला अल्कोहोल ठेवलेलं असतं, ते ओहियासाठी.

आणि हवाईत उगवलेली लेई हवी असेल तर होनोलुलूच्या चायनाटाउनमधल्या माउनाकेआ रस्त्यावर जावं. तिथं लेईवाल्यांची दुकानं ओळीनं आहेत, आणि आत बसून बायका फुलं ओवत असतात. पिकाके आहे का, रुई आहे का, इलिमा कधी मिळेल, असं विचारलं की त्यांचा चेहरा खुलतो. किंमत ऑर्किडपेक्षा जास्त पडेल. काउआईची मोकिहाना मिळाली तर मात्र ती तिथंच घालून मिरवा. ती लिंबाच्या कुळातली आहे, आणि त्या कुळातलं काहीही अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नेऊ देत नाहीत. विमानतळावरच्या तपासणीत ती काढून घेतात.